शिवलेली छपरं

१४ ऑक्टोबर

लाडक्या ठमे,

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. तुझा मामाही ठणठणीत आहे, फक्त त्याच्या घराला छप्पर नाही. "लगेच निघून ये" असं लिहिलं आहेस, त्याचं उत्तर पुढे देते. आधी वादळाचं ऐक.

त्या दिवशी दुपारी वारा असा पिसाळला की मामाची कौलं पत्त्यांसारखी उडाली. आम्ही दोघं भिंत धरधरून बाहेर आलो, तर समोरून हाक आली, "अहो शिंपीणबाई, इकडे या!" हाक मारणारे होडीकर. होड्या बांधतात म्हणून गाव त्यांना तसंच म्हणतं, जसं जुन्या शिवणकामामुळे मला शिंपीण. त्यांच्या अंगणात एक मोठी होडी डांबर लावायला उपडी घातली होती. तिच्या पोटात अर्धी गल्ली शिरली. बाहेर सगळं कडाकड मोडत होतं, आत पोस्टमास्तरीणबाई रडत होत्या. होडीकर म्हणाले, "रडू नका हो, होडी माझ्या हातची आहे. पाण्यात एखाद वेळ बुडेल, जमिनीवर नाही बुडायची!" तशा भीतीतही सगळे खो खो हसलो.

वारा पडल्यावर पाहिलं, तर गल्लीत एकही छप्पर जागेवर नाही. माणसं मात्र सगळी जिवंत! मदतीच्या ताडपत्र्या आल्या, पण एकेक ताडपत्री एका छपराला लहान पडायची. जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मामाच्या पलंगाखालून माझं जुनं शिलाई मशीन काढलं. त्याची सुई मोडली, तेव्हा होडीकरांनी शिडं शिवायचा दाभण आणून दिला आणि शिकवलंही. मी टाके घालते, ते दोर ओवून देतात. मामा वर चढून बांधतो आणि तिथूनच हुकूम सोडतो, कुणी ऐकत नाही. काल शाळेवर छप्पर चढलं, तेव्हा पोरांनी असा गलका केला की वादळ परवडलं.

होडीकर चहात साखर फार घालतात. हे तुला कशाला सांगतेय?

बरं, सांगतेच. ठमे, बाबा गेल्यावर तू मला तळहाताच्या फोडासारखं जपलंस. तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं, पण काही कामही नव्हतं. इथे सकाळी माणसं दारात माझी वाट पाहत असतात. परवा दोर ओवता ओवता होडीकरांनी विचारलं, "छपरं झाली की जाणार तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग लग्न करू या का?"

टाका वाकडा गेला. उसवला, सरळ घातला आणि हो म्हटलं.

मामाला सांगितलं, तर तो छपरावरून पडता पडता वाचला. आता तूच राहिलीस. हसू आलं तर जावईबापूंना घेऊन ये, राग आला तर एकटी भांडायला ये. पण ये. तू शेजारी उभी असल्याशिवाय मी लग्नाच्या कागदावर सही करणार नाही.

कुठेही राहिले तरी
तुझीच,
आई