देचम्माची वाट कोणी अडवायची?

।। श्री इग्गुतप्पा प्रसन्न ।।

विराजपेट, मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी बेळ्ळियप्पाचा नमस्कार.

तुमची तब्येत, अक्काचा खोकला आणि तुमच्या म्हैसूरच्या घरातला तो शिव्या देणारा पोपट, तिघंही ठणठणीत असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे घरात महिनाभर कोणी कोणाशी सरळ बोललेलं नाही. कारण तुमच्या भाच्याचं, नाचूचं लग्न. मुलगी ठरली, मुहूर्त ठरला, जेवणासाठी डुकरंसुद्धा सांगून ठेवली. लग्न कोणत्या पद्धतीनं करायचं एवढंच राहिलं होतं.

नवरीला, देचम्माला, तुम्ही पाहिलेलं नाही. गोणीकोप्पलची, हॉकीतली गोलकीपर. (तिच्याकडे चहाचा कप सरकवला तरी ती पाय आडवा घालेल, अशी मला धास्ती वाटते.) मागल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. आपल्या रीतीप्रमाणे नवरीनं विहिरीवरून डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन निघायचं आणि आपण नवऱ्याकडच्यांनी ढोलावर नाचत तिची वाट अडवायची, कोणीतरी दमेपर्यंत. पोन्नंपेटच्या लग्नात तुम्ही अडवलेली नवरी घरात शिरेपर्यंत डुकराचा रस्सा दुसऱ्यांदा गरम करावा लागला होता, हे लोक अजून सांगतात. गुडघा असा, म्हणून देचम्मानंच जाहीर केलं, "मामा, आपण रजिस्टर लग्न करू. सही करू, कॉफी पिऊ, घरी येऊ."

गेलो रजिस्टर कचेरीत चौकशीला. आमच्या हिनं तिथल्या साहेबाला विचारलं, "केळीचे खांब कुठं उभे करायचे? आमच्यात लग्नात ते तलवारीनं तोडायचे असतात." साहेबानं आधी पंख्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि शिपायाला दार उघडं ठेवायला सांगितलं. मग नाचूनं रिसॉर्ट शोधून काढलं. तिथला टाय लावलेला मॅनेजर म्हणाला, "वाट अडवणं आमच्या पॅकेजमध्येच येतं, सर. नाचायला आमचीच पोरं. कळशी प्लास्टिकची, आत पाणी नाही." ही म्हणाली, "नवरी तरी आमची आणायची का?"

शेवटी तोडगा मी काढला. लग्न आपल्याच रीतीनं, पण वाट कोणी अडवायची नाही. सगळ्यांनी बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. स्वतःवर इतका खूश झालो की माझ्या गॅरेजात जाऊन एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऑइल फुकट बदलून दिलं. (त्यानं घाबरून गाडी दुसरीकडे तपासून घेतली.)

पण दाजी, जीप फाटकात शिरतानाच कुठला नट ढिला आहे हे ओळखणारे माझे कान. रविवारी देचम्मा घरी आली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाळत घातलेली मिरी उलथत होतो. आत नाचू सांगत होता, "बाबांनी काय मस्त मार्ग काढलाय, बघ!"

"मस्त?" ती म्हणाली. "जन्मभर मी दुसऱ्यांना अडवत आले. आता मला अडवायची पाळी आली, तर सगळे टाळ्या वाजवणार! लंगडी आली, वाट द्या! त्यापेक्षा सही केलेली बरी." मग भांडं आपटल्याचा आवाज आला. (मोठं होतं.)

म्हणजे पोरीला गुडघ्याची भीती नव्हतीच, तिला कीव नको होती. आता आमची पोरं नाचायला लागली तर थांबायची नाहीत, तिचा गुडघा जाईल. "थांबा रे" म्हणावं, तर पुन्हा कीवच. मी तीच मिरी पुन्हा पुन्हा उलथत राहिलो.

असो. लग्नाला नक्की यावं. तुमचं वय बघता नाचायचा आग्रह मी मुळीच करणार नाही. सावलीत खुर्ची ठेवली आहे. अक्काला नमस्कार, पोपटाला लांबूनच.

तुमचा मेव्हणा,
बेळ्ळियप्पा

ता. क. : खुर्चीचं विसरा. तुमचाही उजवा गुडघा गेलाय, जिना बसून उतरता आणि कोणाला सांगू देत नाही, असं अक्का फोनवर म्हणाली. दाजी, मला इतका आनंद झाला! (माफ करा.) देचम्मासमोर तुम्ही एकट्यानं नाचायचं. दाजी पुढं असताना मध्ये यायचं नाही, असं पोरांना बजावलंय. तुमचा गुडघा बोंबलला की तुम्ही बाजूला व्हा, तिचा बोंबलला की ती कळशी उतरवेल. यात कोणी कोणाची कीव करायची? तेवढी एकच गोष्ट मागतो, नाही म्हणू नका.

पुन्हा ता. क. : हे देचम्माला सांगितलं. रजिस्टर लग्नाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. डोक्यावर कळशी घेऊन तिचा अंगणात सराव चाललाय. काल मला विचारत होती, "मामा, हे दाजी कुठल्या बाजूला झुकतात?" मी नवऱ्याकडचा माणूस खरा, पण यापुढं एका घरात राहायचं आहे ते तिच्याबरोबर. सांगून टाकलं, डावीकडे.