हरवलेल्या माणसांचा फोन सुलूकडे

मी, अनसूया उत्तम मयेकर, वय एकाहत्तर, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सुनेने केलेला पांचट चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. अनिश वर्तक यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आज दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून ही घाई.

कलम १. राहतं घर मुलगा कौस्तुभ आणि सून नीलिमा यांना समान हक्काने. अट एकच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांची बैठक भरते, ती चालू ठेवावी. त्या वेळी कौस्तुभने सोफ्यावर आडवं होऊ नये.

कलम २. बँकेतली ठेव नात अनुष्काच्या शिक्षणासाठी. शिलाई मशीन नीलिमाला. तिला बटण लावता येत नाही, पण मशीन समोर असलं तर कधीतरी येईल. विळी कोणालाही द्यावी, फक्त माझी नणंद सुलू शेट्ये हिला देऊ नये. ती गेली कित्येक वर्षं त्या विळीवर डोळा ठेवून आहे.

कलम ३. आता सुलूचंच. त्याआधी थोडं मागचं सांगते.

माझे यजमान बस कंडक्टर होते. शेवटी शेवटी ते घरातल्यांकडेच तिकिटाचे पैसे मागायचे. "अहो, हे घर आहे," म्हटलं की चिडायचे. "एक नवघर द्या," म्हटलं की शांत व्हायचे, फक्त सुट्टे नसले तर ऐकवायचे. ही युक्ती इतरांना कळावी म्हणून ते गेल्यावर मी सोसायटीच्या ऑफिसात डॉक्टरांचं स्मृतिभ्रंशावर व्याख्यान ठेवलं. श्रोते दोन: मी आणि पंखा बंद करायला आलेले सेक्रेटरी. आमच्या सोसायटीत कोणाच्याच घरी असलं काही नव्हतं. सगळ्यांच्या सासूबाई फक्त 'जरा विसरायच्या'.

मग मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. विधवेने हळदीकुंकू करावं का, यावर जिन्यात भरपूर चर्चा झाली आणि चर्चा करणाऱ्या सगळ्या आल्या. वाण शेवटी मिळणार होतं, त्यामुळे डॉक्टरांचं ऐकल्याशिवाय कोणाला उठता येईना. वाण म्हणून कपड्यांना आतून शिवायच्या पट्ट्या होत्या. 'या व्यक्तीला घरी पोचवायला मदत करा' असं छापून खाली ज्याने त्याने आपला नंबर लिहायचा होता. छपाईचं काम सुलूकडे होतं. नमुन्याच्या पट्टीवर माझा नंबर होता. सुलूने झाडून सगळ्या पट्ट्या तशाच छापून आणल्या. कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्या घरोघर शिवूनही झाल्या होत्या.

तेव्हापासून नवघरपासून मोरव्यापर्यंत कुठलेही आजोबा वाट चुकले की रिक्षावाले मलाच फोन करतात. "आंटी, आपका आदमी इधर बैठेला है." माझा माणूस जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी "आती हूं" म्हणते आणि चपला घालते.

आमच्या बैठकीला येणाऱ्या मोरव्याच्या धाकू पाटलाचे वडील मीरा रोड स्टेशनबाहेर सापडले, तेव्हा मी आंघोळीला गेले होते. सुलू आमच्याकडे आलेली होती, फोन तिने घेतला. धाकू पोचेपर्यंत तिने म्हाताऱ्याला फोनवरच सुक्या बोंबलांवरून असं बोलतं ठेवलं की तो जागचा हलला नाही. धाकू मला म्हणाला, "काकी, बाबा उठाला तयार न्हाय. बोलतंय, बाईंचा बोलना अजून बाकी हाय."

कलम ४. म्हणून हा मोबाईल, त्यातला नंबर आणि चार्जर सुलूला. कौस्तुभ फोन उचलत नाही. नीलिमा उचलते आणि "नंतर करते" म्हणते. सुलू उचलते आणि सोडत नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. हे कलम मात्र आजपासून लागू. कारण माझ्या परकरालाही तीच पट्टी शिवलेली आहे. मी हरवले तर फोन माझ्याच पिशवीत वाजेल, आणि मी लोकांना विचारत बसेन, "कोणाचा वाजतोय? उचलत का नाही?" मला याची फार भीती वाटते.

कलम ५. मी सापडले की "मला ओळखलंत का?" असं विचारून कोणी माझी परीक्षा घेऊ नये. मी जिथे निघाले असेन तिथलं तिकीट द्यावं. सुलूने मात्र माझ्याशी गोड बोलू नये. लग्न होऊन आले तेव्हापासून ती कधी बोललेली नाही. आता बोलली तर मला वाटेल, आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो. तिने भांडावं. भांडणावरून मी घर ओळखेन.

वरील सर्व मी स्वतः वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

अनसूया उत्तम मयेकर

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार:
१. डॉ. अनिश वर्तक, मीरा रोड
२. धाकू पाटील, मोरवा

स्थळ: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

पोच: मोबाईल व चार्जर मिळाले. नमुन्यावर स्वतःचा नंबर घालून पट्टी वहिनींनीच माझ्या हातात दिली होती, याची नोंद व्हावी. आणि विळी मुळात माझ्या आईची आहे. – सुलू शेट्ये