सातव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय लेनोरा,

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. चाळीस वर्षं फळ्यावर लिहून ते पार बिघडलंय. शनिवारची दुपार आहे आणि माझ्यासमोर तुझ्या नातीचा गृहपाठ पडलाय. सहा उत्तरं झाली, सातवं काही ठरेना, आणि शुक्रवारी जूनीला तो वर्गात वाचून दाखवायचाय. गृहपाठाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, आणि आता माझ्याच पायी त्या पोरीचा अडलाय.

तिनं घरी सांगितलंच असेल. राज्यानं नवा कायदा केलाय, सरकारी शाळेत मुलांना आयुष्याची आखणी शिकवायची. आधी शिक्षण, मग नोकरी, मग लग्न, मग मूल, आणि तेही ह्याच क्रमानं. आमच्या प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, एल्डन, हा विषय तुम्हीच घ्या, अख्ख्या काउंटीत तुमच्याइतकं शिस्तीत कोण जगलंय? मी मान डोलावली. घरी येऊन बूट काढताना त्याचं हसू आलं. मग बराच वेळ एक बूट पायात तसाच ठेवून बसलो होतो.

राजधानीहून एक खोकं आलं, त्यात पुठ्ठ्याचे चार मोठे पत्ते, एकेकावर एक टप्पा. मुलांनी ते फळ्यावर ओळीनं लावायचे. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर, तुम्ही कितव्या पत्त्यावर आहात? मी खरं ते सांगितलं, दुसऱ्या. चौसष्टाव्या वर्षी दुसऱ्या? सर, जरा पाय उचला की, म्हणे. तेवढ्यात तुझी जूनी, हातबीत वर न करता, म्हणाली, दुसऱ्या नाही, माझी आजी म्हणते सर अडीचवर अडकलेत. वर्ग हसून लोळला. मीही हसलो. तुझ्या घरात माझं नाव अजून निघतं हे मला तेव्हा कळलं. तो दिवस मला फार बरा गेला.

अडीच म्हणतेस ते खोटं नाही. लोक मागणी घालायला अंगठी नेतात, मी पशुखाद्याच्या दुकानातल्या कॅलेंडरचं मागचं पान नेलं. तू आईच्या पोर्चवर शेंगा सोलत होतीस. १९८३ पदवी, ८५ पक्की नोकरी, ८६ लग्न, ८८ मूल. ह्यात मी कुठाय, असं तू विचारलंस आणि मी शहाण्यासारखं ८६ वर बोट ठेवलं. तू हसलीस. मला वाटलं, खूश झाली. पुढं शाळेनं मला कायम केलं नाही म्हणून मी ८६ खोडून ८७ केलं. मग आपल्यासाठी घर घेतलं, त्याचं छप्पर गळायला लागलं म्हणून ८८. तिसऱ्यांदा खोडताना कागद तिथंच फाटला. तसाच तुझ्या हातात दिला, तो तू मला पोस्टानं परत पाठवलास, सोबत एक ओळसुद्धा नाही.

सहा आठवड्यांत तू लोवेलशी लग्न केलंस. त्याच्याकडे धड नोकरी नव्हती, ट्रकही भावाचा. तुझं कॉलेज अर्धवट, आणि वर्षाच्या आत कडेवर पोर. हे काही टिकायचं नाही, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. सदतीस वर्षं टिकलं. ते टिकलं ह्याचा मला राग यायचा, लेनोरा. आता लाज वाटते.

लोवेलच्या अंत्यविधीला मी आलो होतो, फक्त चर्चच्या आवारात गाडीपाशीच उभा राहिलो. दुःखाच्या घरासाठी सगळेच काही शिजवून नेतात, तशी मॅकरोनी करून आणली होती. भांडं परत मिळावं म्हणून सगळे तळाला नावाची पट्टी चिकटवतात, मीही चिकटवली होती. मागच्या दारानं चर्चच्या स्वयंपाकघरात भांडं ठेवताना ती खरवडून काढली. जूनी म्हणत होती, घरी एक निळं भांडं वर्षभर पडून आहे, कुणी न्यायला येईना. ते माझं आहे.

माझं तसं बरं चाललंय. दोन खोल्या भरून पुस्तकं आहेत. रविवारी घेवडा शिजवतो आणि मक्याचा पाव भाजतो, तो बुधवारपर्यंत पुरतो. मुलांच्या बस गेल्यावरही मी वर्गात बसून राहतो, इतका की झाडूवाला विचारतो, सर, घरी कुणी वाट बघत नाही का? तो सहज विचारतो बिचारा. मला एकटं वाटतं. एवढं साधं वाक्य, पण कुणाला सांगावं हेच सुचत नव्हतं.

ह्या विषयाला पालकांची संमती लागते. जूनीची आई टेक्ससला कामावर, म्हणून सही तुझी आली. नावातलं पहिलं अक्षर अजून तसंच, लांब शेपटीचं. तो कागद त्याच दिवशी ऑफिसात द्यायचा होता, मी तिसऱ्या दिवशी दिला.

आणि मग हा गृहपाठ. क्रमानं जगलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या. पोरीनं मलाच धरलं. सातवा प्रश्न असा: पुन्हा जगायला मिळालं, तर कोणती गोष्ट आधी कराल? मी म्हटलं, कागद ठेवून जा, सावकाश लिहितो. त्यावर म्हणते, सर, हा तर सगळ्यात सोपा आहे.

सोपाच आहे, पण उत्तरात तुझं नाव येतं. शुक्रवारी जूनी ते वाचणार, आणि संध्याकाळी चर्चच्या मासळीच्या जेवणापर्यंत साऱ्या गावाला ते कळणार. म्हणून आधी तुला विचारतोय. जूनीच्या कागदाची मी हुबेहूब दुसरी प्रत केलीय, दोन्ही सोबत आहेत. एकीवर सातव्यासमोर लिहिलंय, घराचं छप्पर आधी दुरुस्त करून घेतलं असतं. तेही खोटं नाही. दुसरीवर लिहिलंय, लेनोराच्या शेजारी शेंगा सोलायला बसलो असतो, खिशात कागद न घेता. तुला पटेल ती जूनीच्या दप्तरात घाल. त्या तारखा मी पेन्सिलीनं लिहिल्या होत्या, पुढं ढकलता याव्यात म्हणून. ही दोन्ही उत्तरं पेननं लिहिलीत. शुक्रवारी जूनीनं शेंगांचं उत्तर वाचलं, तर रविवारी भांडं न्यायला येईन.

तुझाच (हा शब्द तेव्हाच लिहायला हवा होता),
एल्डन