मसऊदाच्या मागे कणकेची फळी घेऊन

माझी थोरली बहीण लल्ला रुकय्या हिला तिच्या तामोचा सलाम,

अल्लाह तुझे गुडघे आणि तुझी जीभ दोन्ही चालती ठेवो (गुडघे जरा जास्त). तुझ्या सफ्रू गावाला चेरी लागल्या का? मी बरी आहे. सी अल्लाल गेल्यावर घातलेले विधवेचे पांढरे कपडे उतरवून आज नऊ दिवस झाले. चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत काढल्यावर आता रंगीत झगा घातला की माझ्याच घरात मी पाहुणी आल्यासारखं वाटतं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू इतक्या मोठ्यानं बोलतेस की तुझ्या प्रश्नांना माझ्या आधी शेजारीण शामा उत्तरं देते.

जवादनं तुला कळवलंच असेल की त्याची आई फेझच्या गल्ल्यांत हरवली, आणि येत्या शुक्रवारी येऊन तो मला कायमची कासाब्लांकाला, त्याच्या सातव्या मजल्यावर नेणार आहे. माझा मुलगा गुणी आहे, पण त्याला शामानं सांगितलेलं खरं वाटतं. काय झालं ते माझ्याकडून ऐक.

गेल्या सोमवारी सहा पावांची कणीक मळली, प्रत्येकावर आमच्या घराची खूण म्हणून काट्याचे तीन टोचे दिले, वर फडकं टाकलं आणि फळी डोक्यावर घेऊन पाव भाजायला गल्लीच्या सामाईक भट्टीकडे निघाले. वळणावर समोरून आली मसऊदा, लगाम धरून बुशता. आमचं खेचर गं, जिच्या पाठीवर सी अल्लालनं एकोणीस वर्षं कातड्यांचे गठ्ठे वाहिले आणि जी नुकतीच या बुशतानं विकत घेतली. तिनं मला हुंगलं, कान हलवले आणि पुढे गेली. भट्टी उजवीकडे होती, मसऊदा डावीकडे. माझे पाय डावीकडे गेले. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

(याचं कारण मी वाचलं आहे. पन्नाशीत मशिदीतल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले तेव्हापासून हाती येईल ते वाचते. भाजलेल्या चण्यांच्या पुडीवर होतं, की डोक्याच्या आत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो आणि त्यातल्या पेशी जागा ओळखतात. एक पेशी कारंज्यापाशी जागी होते, दुसरी कमानीखाली. शेजारच्या भागातल्या पेशी तर षटकोनी फरशी अंथरल्यासारख्या सगळी जमीन मोजत बसतात. शास्त्रज्ञ हे उंदरांच्या डोक्यात बघतात. उंदीर झोपला की त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा जाग्या होतात, म्हणजे पाय आखडून पडलेला उंदीर आतल्या आत दिवसाची वाट पुन्हा चालतो. पुढचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या चण्यांबरोबर गेला.)

तर मसऊदाच्या डोक्यात सी अल्लालचा अख्खा दिवस शाबूत होता. ती न्हाव्यापाशी थांबली. चहावाल्यापाशी थांबली. बुशता घामाघूम. “चल गं भवाने! लल्ला, तुमचं हे जनावर मला नोकर समजतं!” मी म्हटलं, “बरोबरच समजतं. तू नवीन आहेस.”

मग ती जैतूनवाल्यापाशी थांबली. त्यानं वर न बघताच खारवलेल्या जैतुनांचा पुडा पुढे केला. “घ्या सी अल्लाल, रोजचा—” मग मी दिसले आणि त्याचा हात हवेतच राहिला.

“रोजचा?” मी विचारलं.

“म्हणजे... अधूनमधून, लल्ला.”

“अधूनमधून म्हणजे रोज?”

“शुक्रवारी नाही,” तो म्हणाला.

रुकय्या, हकीमानं सी अल्लालचं मीठ बंद केल्यापासून अकरा वर्षं मी अळणी रांधलं. सोबत म्हणून स्वतःही अळणी खाल्लं! भर बाजारात मला हसू फुटलं, मग रडू, मग मी तो पुडा घेतला आणि दोन्ही करत संपवला. तोवर कणीक इतकी फुगली होती की फळीवरचं फडकं वर उचललं गेलं. एक म्हातारा म्हणाला, “बाई, आत कुणी बसलंय का?”

असं करत कातडी कमावायच्या हौदांपर्यंत जाऊन मी परत आले. यात हरवणं कुठलं?

आता दुपारी डोळा लागतो तेव्हा मीही त्या उंदरासारखी चालते. भिंती जवळ येतात, वरून पट्टीएवढं आकाश वाहत असतं, ओल्या कातड्यांच्या वासात कुठूनतरी पुदिना मिसळतो. पुढे सी अल्लालचा तपकिरी झगा हलत असतो. घाई कुणालाच नाही. जाग आल्यावरही बराच वेळ पाय गार लागतात, जणू आत्ताच फरशीवरून आले. सातव्या मजल्यावर झोपले तर हे दिसेल का, हे पुडीवर लिहिलेलं नव्हतं.

तुझी,
तामो

ता. क. जवाद गुरुवारी तुला फोन करील. त्याला सांग की सोमवारी तू माझ्याबरोबर होतीस.

ता. क. दुसरा. नको, सांगू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, आणि मीही या पत्रात ते पुरेसं बोलले आहे. मसऊदा हौदांच्या दारातून आत गेली आणि मला घराची वाट आठवेना. लग्न होऊन एकेचाळीस वर्षं या शहरात काढली, रुकय्या, आणि सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसल्या. तिसऱ्या प्रहराची अजान होईपर्यंत फळी धरून उभी होते. शेवटी बुशतानं घरी आणून सोडलं.

मग बसून विचार केला. मी नेहमी सी अल्लालच्या मागून चालले. वाट कधी पाहिलीच नाही, त्याची पाठ पाहिली. माझ्या डोक्यातल्या पेशींना कारंजी, कमानी काही माहीत नाही, तिथे एक पाठ आहे फक्त. पण माझं डोकं बिघडलेलं नाही. वाट शिकायची राहून गेली आहे, आणि ती चालल्याशिवाय कुणाला येत नाही.

म्हणून येत्या बुधवारच्या पहिल्या गाडीनं ये. घरापासून हौदांपर्यंत आणि परत, मी पुढे चालेन, तू मागे. जवाद आला की त्यालाही तसंच मागून चालवणार आहे. मी चुकीच्या गल्लीत शिरले तर हाक मारू नकोस. मला उमगेपर्यंत नुसती उभी राहा.