हलत्या हाताचा क

छत्रपती संभाजीनगर

प्रिय केसर,
सिल्लोडच्या घराला आणि तुला माझी आठवण.

काल मेघानं मला तिच्या वर्गात नेलं. आपली लेक तिथं संगणकाला अक्षरं ओळखायला कसं शिकवायचं, ते पोरांना दाखवते. पडद्यावर बोटानं लिहिलं की बाजूला रेघांनी जोडलेले ठिपके काजव्यांसारखे ओळीनं उजळतात. मला धूळपाटी आठवली.

मी तुझ्या नावाचा क काढला. संगणकानं फ वाचला. पोरं हसली.

"अप्पा, परत गिरवा," मेघा म्हणाली.

दर चुकीनंतर ठिपक्यांमधल्या रेघा जाड-बारीक होत गेल्या आणि माझा हलता क त्याला हळूहळू उमगला.

डॉक्टर म्हणतात, हाताचा कंप जायचा नाही. जेवण मात्र लई छान जातंय. तुझा गुडघा कसाय?

मेघा पत्र टाईप करून देत होती, मीच नको म्हटलं. तुला वाचता आलं का, तेवढं कळव.

तुझाच,
अप्पाराव