मिसबाईंचं इंग्रजी

मिसबाई, तुमचं इंग्रजी इंग्लंडचं नव्हतं हे मला तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं. रागावलो म्हणा हवं तर. मी रनाळ्याचा माणूस, मराठी शाळेची चार बुकं शिकलेला. बाकी सगळं स्वतः शिकलो. औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, रेल्वेचं वेळापत्रक, रद्दीतली वर्तमानपत्रं, जे हाती आलं ते वाचलं. पण तोंडातला आवाज तेवढा तुमच्याकडून घेतला, नवापूरच्या मिशन दवाखान्याच्या स्वयंपाकघरात. तुम्ही मुलाम्याच्या किटलीत काळी कॉफी उकळवत असायचात, ती दोनदा उतू जाऊ द्यायची आणि तिसऱ्यांदा खाली घ्यायची. आणि तव्यावर उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी. "आमच्याकडं हीच खातात," असं म्हणालात. मी रनाळ्याला जाऊन छातीठोकपणे सांगितलं की विलायतेचे लोक बटाट्याची पोळी खातात. चुलते म्हणाले, "मंग आपला वर राज कसाले करी ऱ्हायनात? बटाटा आठे आपलाकडेबी भेटस." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, पण विलायत कुठली ते सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. गोरा माणूस म्हणजे इंग्रज, यात विचारायचं काय?

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला एकदा झापलंत. तुम्ही काहीतरी सांगितलं, मी मान हलवून "यस" म्हटलं. आपल्याकडं मोठ्या माणसाला "कळलं नाही" म्हणत नाहीत, तो उद्धटपणा. तुम्ही पळी खाली ठेवलीत. "मी काय सांगितलं?" मी पुन्हा मान हलवली. "कळलं नाही तर यस म्हणायचं नाही. घरी खुशाल म्हण. दवाखान्यात नाही." ओरडला नाहीत, पण त्या दिवशी मला कॉफी दिली नाहीत.

तुम्ही गेल्यावर, लढाईच्या दिवसांत, स्कॉटलंडचे डॉक्टर आले. मी तोवर दवाखान्याचा दुभाषी झालो होतो. पहिल्याच सकाळी लक्षात आलं, त्यांचं बोलणं मला कळेना आणि माझं त्यांना. शब्द घशात घोळवून सोडायचे, वर घाई. दुसऱ्या दिवशी ते हेडनर्सला म्हणाले, हा दुभाषी कामाचा नाही, धुळ्याहून दुसरा मागवू. मद्रासच्या त्या नर्सबाईंनी आपल्या तालासुरातल्या इंग्रजीत मला ते मुद्दाम सावकाश सांगितलं. माझं पोट त्या नोकरीवर, आणि त्याहून जास्त माझी ऐट.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पोरीच्या पोटाचं ऑपरेशन केलं. नंतर खाटेशी येऊन भराभर काही सांगितलं आणि निघाले. कंपाउंडर "यस सर, यस सर" करत मागं. पोरीची आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडं बघत उभी.

"काय सांगे भाऊ तो गोरा? पानी मांगी ऱ्हायनी शे ती. एक घोट देऊ का?"

मी तांब्याच्या तोंडावर हात ठेवला आणि डॉक्टरांना हाक मारली. पुन्हा सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं. पुन्हा म्हटलं. त्यांचे कान लाल झाले. एकेक शब्द तोडून म्हणाले, "तुला इंग्रजी येतं असं मला सांगितलं होतं."

"येतं साहेब. तुमचं अजून येत नाही. सावकाश सांगा."

मग त्यांनी सांगितलं, बोटानं स्वतःच्या ओठांवर फुली करून. उद्या उजाडेपर्यंत पोरीच्या तोंडात थेंबही जाता कामा नये. ते तांब्याकडं बघत राहिले, मग "यस सर" म्हणणाऱ्या कंपाउंडरकडं. मी आईला म्हटलं, "माय, आज नई. ओलं फडकं फक्त ओठले लाव."

पोरगी वाचली. धुळ्याचा माणूस कधी आला नाही.

पुढं एकदा ओट्यावर बसून डॉक्टरांनी विचारलं, "तुला कुणी नॉर्वेच्या माणसानं शिकवलं का? आमच्या बंदराला त्यांच्या मासळीच्या होड्या लागतात. अगदी असेच बोलतात, वाक्याच्या शेवटी गाण्यासारखं वर चढतात." मी नकाशाचं पुस्तक काढलं. नॉर्वे सापडायला वेळ लागला नाही. तो इंग्लंडचा भाग नाही हे पटायला मात्र वेळ लागला. मग डॉक्टरच म्हणाले, ते स्वतः शिकायला लंडनला गेले तेव्हा तिथली पोरं त्यांच्या बोलण्याला हसायची.

म्हणजे तुम्हीसुद्धा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मान हलवून "यस" म्हटलं असेल, मिसबाई, आणि कुणीतरी पळी खाली ठेवली असेल. हे आधी सुचलं असतं तर तुमच्याशी किती वेगळं बोललो असतो. आता माझ्या कानावर रोज चार-पाच तऱ्हांचं इंग्रजी पडतं आणि मी प्रत्येकाला विचारतो, कुठलं तुमचं? लोक खुशीनं सांगतात.

तुमची कबर दवाखान्यामागं आहे. तिथं टपाल जात नाही, आणि वाचून दाखवायची मला लाज वाटते. तेव्हा हे पत्र माझ्याकडंच राहील. एक मात्र सांगून टाकतो. डॉक्टरांसारखं बोलायला मला आता येतं, चारचौघांत बोलतोही. पण रोगी घाबरलेला असला आणि घाईनं डॉक्टरांना सांगायचं असलं, की वाक्याचा शेवट आपोआप वर चढतो. तो खाली आणायचा मी प्रयत्न करत नाही.