गाडीखालचा पावसाळा

१४ जुलै, सोमवार

गंज! दोन वर्षांची गाडी आणि खालून गंज!

महागावला ऑइल बदलायला गेले होते. राजदीप मिस्त्रीने पिकअप रॅम्पवर चढवली, खाली गेला आणि तिथूनच म्हणाला, "जया, गाडी समुद्रात चालवते काय वं?" वाकून पाहिलं. माल भरायच्या मागच्या डाल्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर, चेसिसवर लाल पापुद्रे. नखाने खरवडले की पडतात. त्याने पेचकस घेऊन जागोजागी टोचून पाहिलं. "अजून आरपार नाही गेला. पन हा पावसाळा असाच काढला तं जाईन."

मग विचारलं, काय वाहता? काय वाहणार – खडेमीठ, युरिया, गुरांची ढेप. मिठाची पोती पावसात पाझरतात, ते पाणी फटीतून खाली उतरतं आणि तिथेच बसतं. आम्ही बंजारा; आमचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, हे बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. बैल गंजत नव्हते, एवढाच फरक.

घरी बोलले नाही. बा ही गाडी दिवाळीला विकणार आहे – वणीच्या भावसिंग मामाला. मामा म्हणजे याडीचा, माझ्या आईचा, चुलतभाऊ. होळीनंतर बाचा पाय मोडला, आत सळई टाकली, क्लच दाबवत नाही. तेव्हापासून मीच चालवते. "दिवाळीलोक रेट," म्हणजे दिवाळीपर्यंत ओढ, एवढंच बा म्हणाला होता.

मला गाडी सोडायची नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगते. माझा हिशेब साधा आहे: गाडी ठणठणीत राहिली, भाडी येत राहिली, तर बा आपणहून म्हणेल, राहू दे. गंजकी दिसली तर उद्याच देऊन टाकेल.

१५ जुलै

नाल्याजवळ चिखलात रुतली. गाडीला पोटभर शिव्या दिल्या, घरी येऊन पुन्हा दिल्या. बरं वाटलं.

२० जुलै, रविवार

राजदीपकडे दिवाळीपर्यंत जागा नाही. दारात ट्रॅक्टरांची रांग. कसं करायचं ते मात्र त्याने सविस्तर सांगितलं, मध्ये मध्ये स्वतःची तारीफ करत: धुवायचं, सुकवायचं, घासायचं, गंज मारायचं औषध लावायचं, रेड ऑक्साइडचा लाल रंग, आणि सगळ्यावर शेवटी कोटिंग. "त्यात काय हाय," मी म्हटलं. जीभ माझी, दुसरं काय.

घरामागे पाइपलाइनसाठी जेसीबीने चर खणून ठेवली आहे. पाइप काही आले नाहीत. चरीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून गाडी उभी केली आणि मी आत उतरले. गुडघाभर पाणी आणि दोन बेडूक. पाणी उपसलं. बेडूक राहिले.

खाली पाहते तर डांबर! मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर बाने स्वतः चोपडलं होतं. विसरलेच होते मी. पण चोपडलं ते चिखलावरच. पेचकस घातला की अख्खी पट्टी निघते आणि आतून ओला गंज दिसतो. पाणी निचरायची भोकंसुद्धा बुजली आहेत. बाने गाडीला रेनकोट घातला खरा, पण ओल्या अंगावर.

बा खाटेवर बसून वरून विचारत होता, "काय करून राह्यली?"

"चिखल काढून राह्यली."

"डांबराले हात नको लावू. पक्कं काम हाय ते."

"हो बा."

पट्ट्या सोलून पोत्यात भरल्या आणि गुपचूप उकिरड्यावर टाकल्या. एक चप्पल चरीतच राहिली.

२ ऑगस्ट

पाऊस. लोखंड कोरडं ठणठणीत झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असं राजदीपने बजावलंय. इथे अंगावरचे कपडे वाळेनात!

१० ऑगस्ट, रविवार

तांड्यात तीज सुरू आहे. टोपल्यांत गहू बोटभर वर आलाय. पोरी रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात, फेर धरतात. मीही गेले. मैत्रीण शीलाने माझा हात धरून सगळ्यांना दाखवला – नखांत काळं, बोटांच्या पेरांत काळं. "तू लांबूनच घाल वं पानी. तुह्या हातचा गहू काळा निंगन."

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगायचं तर मला त्या हातांचा जरा अभिमानच वाटला. शीलाला हे कळणार नाही, तिला मेंदीचं डिझाइनसुद्धा बिघडलेलं चालत नाही.

१४ ऑगस्ट

ऊन! कालपासून ऊन! भाडी बंद. बाला सांगितलं, क्लच घसरतोय. खोटं बोलले, पण क्लचने तक्रार केली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाठ मोडली आहे, डोळ्यांत लाल धूळ आहे आणि मी खूश आहे.

याडीची जुनी ओढणी तोंडाला बांधून वायर ब्रशने घासलं. आधी पापुद्रे पडतात, मग पीठ पडतं, मग कुठेतरी एकदम चांदीसारखं लोखंड चमकतं. तेवढं दिसलं की हात थांबतच नाही. हातोडीने ठोकून पाहिलं. चांगलं लोखंड टणकन वाजतं, खाल्लेलं ठस्स. एकच ठस्स निघालं, मागच्या कोपऱ्यात, स्टेपनीजवळ. तिथे राजदीप पट्टी जोडून देईन म्हणाला.

मग ते औषध. ब्रशने लावलं की लाल गंज बघता बघता काळा पडतो. मी खाली आडवी पडून नुसती बघत राहिले. ब्रेकच्या नळ्यांना, रबरांना आणि सायलेन्सरला आधीच पिशव्या बांधल्या होत्या. तिथे काही लागता कामा नये. बुजलेली भोकं सायकलच्या तारेने मोकळी केली. एकातून कधीचं अडलेलं गढूळ पाणी चेहऱ्यावर आलं. मिठाची चव होती. थू! पण आत साचण्यापेक्षा माझ्या तोंडात गेलेलं बरं.

रात्र व्हायच्या आत रेड ऑक्साइडचा हात मारून झाला. याडी दोनदा येऊन गेली. उभी राहिली, पाहिलं, गेली. कधी नव्हे ती अशी गप्प!

२२ ऑगस्ट

पोळा. शेजारच्या बैलांची शिंगं रंगवून उरलेला गुलाबी रंग याडीने गाडीच्या आरशांच्या दांड्यांना लावला. लग्नातल्या करवलीसारखी दिसते आता. काढणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

संताप! नव्या रेड ऑक्साइडवर पांढरे ओघळ! ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकामागे. बोट लावून चाटलं – मीठ.

पण हे येतं कुठून? मी आता मिठाच्या पोत्यांखाली ताडपत्री घालते. आल्यावर दर वेळी पाइप लावून खालून धुते. आणि पोती मागे असतात, ओघळ पुढे! बाजवळ कुरकुर केली, या गाडीने जीव नकोसा केला म्हणून. बा नुसता बघत राहिला माझ्याकडे.

३ सप्टेंबर, बुधवार

चोर सापडला. लिहिताना अजून हसू येतं आहे, आणि मध्येच डोळे भरतात.

संध्याकाळी भाड्यावरून लवकर आले. हात धुवून मागे गेले तर याडी गाडीजवळ उकिडवी बसलेली. हातात बादली. गाई-म्हशींना ढेपेबरोबर मिठाचं पाणी देतो, त्यातलं उरलेलं. तांब्या भरून गाडीखाली फेकत होती – नेम धरून, जोर लावून.

"याडी, हे काय?"

"कुठं काय. सांडलं पानी."

"रोज गाडीखालीच सांडते?"

बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "राजदीपच्या घरवालीनं बजारात सांगतलं. मिठानं गाडी सडते म्हने. सडकी गाडी भावसिंग घेत नाही. त्याले मी लहानपनापासून ओळखतो."

"मंग?"

"मंग गाडी घरीच राह्यते."

"तुले कायले पायजे गाडी?"

"मले कायले? तुले पायजे."

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही. तसं म्हटलं, तर म्हणाली, "खालून निंगते तव्हा तुह्यं तोंड काळं असते, पन हासत असते. मले का दिसत नाही?"

घरात आम्ही गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, बोलतो, वहीत मराठीत उतरतं. पण हे वाक्य ती ज्या आवाजात बोलली तो आवाज कुठल्याच भाषेत लिहिता येणार नाही. मी तिच्याजवळ तिथेच चिखलात बसले. म्हणजे महिनाभर मी खालून गंज काढत होते आणि आई वरून ओतत होती, दोघीही एकाच कामासाठी! मग दोघींना जे हसू सुटलं, ते बाने खाटेवरून विचारलं तरी थांबेना.

हसून झाल्यावर म्हटलं, "तूच सांग ना बाले."

"त्यानं जबान देली भावसिंगले. मी नाही म्हनत, तोंडातला शब्द माघारी घे म्हनून. तू म्हन."

मी? बाने आजवर दिलेला शब्द कधी फिरवला नाही, आणि मी त्याला फिरवायला सांगू? मीही नाही म्हटलं. बादली मात्र जप्त केली.

५ सप्टेंबर

पुन्हा घासलं. पुन्हा औषध. पुन्हा रेड ऑक्साइड. या खेपेला याडीने टॉर्च धरला. "तिथं राह्यलं. तिथं बी राह्यलं." माझ्याहून चिकट बाई!

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस ओसरला. राजदीपने स्टेपनीजवळ पट्टी जोडून दिली. आज काळं रबरी कोटिंग मारलं, दोन हात. भोकं मोकळी ठेवली. चेसिसच्या पोकळ सांध्यांत, जिथे ब्रश जात नाही, तिथे नळीने मेणाचं तेल सोडलं. चरीत पडून वर पाहिलं तर सगळं एकसारखं काळंभोर, कुठे लाल नाही. स्वतःवरच खूश झाले.

आणि त्याच वेळी बा काठी टेकत उकिरड्याकडून आला. हातात डांबराची पट्टी!

"हे माह्यं डांबर हाय ना?"

"हो बा."

उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला गंजाचा जाड थर चिकटलेला. नखाने खरवडला. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणाला, "पुढच्या टायमाले आधी सुकवा लागन."

पुढच्या वेळी! बा पुढच्या वेळेचं बोलला! माझ्या मनात लाडू फुटले. तेवढ्यात तो वळला आणि म्हणाला, "भावसिंगले तसं सांगून ठेवतो."

फुटलेले लाडू तसेच राहिले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. भावसिंग मामा वणीहून आला. पांढरा शर्ट घालून आला होता, तरी आधी चहा नाही, पाणी नाही, सरळ गाडीखाली. मोबाइलचा टॉर्च लावून पाठीवर सरपटत पुढून मागे गेला. आम्ही तिघं त्याच्या बुटांकडे बघत उभे. याडी पुटपुटत होती, कुठे तरी भोक सापडू दे म्हणून.

निघाला तो धुळीने भरलेला आणि खुशीत. "दाजी, वणीत कोळशाच्या पान्यानं माह्या गाड्या वर्षात चाळन होते. हे तं खालून वरच्यापेक्षा नवी हाय! कोनाकून करून घेतलं?"

बा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीनं केलं." छाती मात्र फुगली होती त्याची.

मामाने भावाची घासाघीससुद्धा केली नाही. बा म्हणेल तो आकडा. उद्या सकाळी घेऊन जाणार. अशी गाडी हातची जाऊ नये म्हणून मुक्कामीच राहिला आहे.

मी केलं हे. दोन्ही हातांनी, पावसाळाभर, गाडी घरात राहावी म्हणून, आणि आता इतकी चांगली झाली की दारात ठरतच नाही. गाढव आहे मी. याडीने भाकरी वाढताना एवढंच म्हटलं, "बादली कायले जप्त केली वं?" हसू आलं, पण भाकरी अर्धीच राहिली.

गाडी माझी आहे. कागदावर नाही, पण तिच्या पोटाखालचा एकेक बोल्ट मला ठाऊक आहे. मला तिच्यावर भाडी मारायची आहेत, उमरखेड, पुसद, कुठेही. दुसरं काही करायचं नाही. इथे लिहून काय उपयोग? वही थोडीच बाला वाचून दाखवणार आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

मामा तयार होऊन उभा. बा म्हणाला, "किल्ली दे मामाले."

मी म्हटलं, "नाही."

जन्मात पहिल्यांदा.

"काहून?"

"मले पायजे गाडी. मले चालवायची हाय. नेहमीची."

बा काठी टेकत खाटेवर बसला. मग म्हणाला, "मंग बोलली काहून नाही? रोज गाडीले शिव्या दे, चिखलात लोळे. मले वाटे माह्या पायापायी पोरगी राबून राह्यली. तू सुटावं म्हनून तं जबान देली मी."

मामाकडे वळून त्याने हात जोडले. "भावसिंग, माफ कर बा. गाडी माही नाही, हे मले आत्ता समजलं."

मग माझ्याकडे पाहून, अगदी व्यापाऱ्याच्या आवाजात: "दिवाळी झाली की माह्यं सोयाबीन न्यायचं हाय महागावले. भाडं काय घेशीन?"